कपॅसिटन्सची तीन उत्तरे आली तर कुठले धरायचे?

प्रश्नात बरीच माहिती दिली आहे, त्यामुळे उत्तरही लांबणार. प्रकरण थोडक्यात असे: एम.टेक.च्या प्रकल्पात स्काय-१३० या चिप बनवण्याच्या खुल्या प्रक्रियेवर १० बिटांचा एसएआर एडीसी (कपॅसिटरांच्या मदतीने व्होल्टेजचा अंक एकेक बिट ठरवत काढणारा कन्व्हर्टर) करायचा आहे. त्यातला एकेक कपॅसिटर मेटल-१ या धातूच्या थरातल्या शेजारी शेजारी धावणाऱ्या तारांमधून घडवायचा, साधारण १ फेम्टोफॅरडचा. अशा दोन तारांचा कपॅसिटन्स तुम्ही तीन रीतींनी काढलात: पायथनमध्ये स्वतः लिहिलेला फायनाइट डिफरन्सचा द्विमितीय प्रोग्राम, फास्टकॅप हा कपॅसिटन्स काढणारा तयार प्रोग्राम, आणि मॅजिक या चिपचा आराखडा काढण्याच्या साधनाचे एक्स्ट्रॅक्शन (आराखड्यावरून कपॅसिटन्स काढणे). पहिल्याचा एकूण कपॅसिटन्स फास्टकॅपपेक्षा १८ टक्के जास्त आला, मॅजिकचा दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. आणि प्रश्न असा की यातली बरोबर पद्धत कुठली, शिकायची कुठली.

पद्धत निवडण्याचा भाग मी जरा मागे ठेवतो. तुमच्या हातात एका प्रश्नाची तीन उत्तरे नाहीत, तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. तुमच्या प्रोग्रामने तारा अनंत लांब धरल्या आणि दोन्ही बाजूंना २ मायक्रॉनवर ग्राउंड केलेल्या भिंती उभ्या केल्या. फास्टकॅपला तुम्ही १० मायक्रॉन लांबीच्या तारा मोकळ्या अवकाशात दिल्या, खाली एक मर्यादित आकाराचा पत्रा ठेवला. मॅजिकने तर विद्युतक्षेत्र सोडवलेच नाही. तक्त्यातले गुणांक उचलून बेरीज केली. एक्स्ट्रॅक्शनची साधने फील्ड सॉल्व्हरशी (विद्युतक्षेत्र प्रत्यक्ष सोडवणाऱ्या प्रोग्रामशी) ताडून पाहणे हे माझे रोजचे काम आहे, आणि असा वाद समोर आला की मी आधी मांडणी तपासतो. गणितातली चूक मोजता येते, कमीही करता येते. मांडणीतला फरक ग्रिड कितीही बारीक केली तरी जात नाही.

तेव्हा आधी कागद आणि पेन्सिल. मेटल-१ ची किमान रुंदी ०.१४ मायक्रॉन, दोन तारांतले किमान अंतरही ०.१४, जाडी ०.३६. सबस्ट्रेटपासूनची (तारांखालच्या सिलिकॉनच्या पायापासूनची, पुढे यालाच जमीन म्हटले आहे) उंची तुम्ही १.३८ धरली आहे. निर्वात अवकाशाची परमिटिव्हिटी ८.८५ ॲटोफॅरड (फेम्टोफॅरडचा हजारावा भाग) प्रति मायक्रॉन, तिला तारांभोवतीच्या सिलिकॉन डायॉक्साइडच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकाने, ३.९ ने, गुणले की ३४.५. हा आकडा पाठ करून टाका, रोज लागतो. आता दोन तारांच्या समोरासमोरच्या बाजू घेतल्या तर समांतर पट्ट्यांच्या सूत्राने ३४.५ गुणिले ०.३६ भागिले ०.१४, म्हणजे दर मायक्रॉन लांबीला ८९ ॲटोफॅरड. तारेचा तळ आणि सबस्ट्रेट घेतले तर त्याच सूत्राने अवघे ३.५.

या ३.५ वर विश्वास ठेवू नका. शेजारी दुसरी कुठलीच तार नसेल तर या तारेचा सबस्ट्रेटशी कपॅसिटन्स ७० च्या आसपास असतो, वीसपट. पडताळायचे असेल तर तार गोल समजा: त्रिज्या अंदाजे ०.१५ मायक्रॉन, केंद्र जमिनीपासून १.५६ वर. जमिनीला समांतर गोल तारेचे पाठ्यपुस्तकातले सूत्र वापरा, म्हणजे दोन पाय (२π) गुणिले ३४.५, भागिले (दुप्पट उंची भागिले त्रिज्या) याचा नैसर्गिक लॉग. उत्तर ७१ येते. साकुराई आणि तामारू यांचे १९८३ चे सूत्र ७६ देते. खरे तर ते सूत्र रुंदी आणि जाडी या दोन्ही उंचीच्या ०.३ ते ३० पट असतानाच सुमारे ६ टक्क्यांच्या आत चालते आणि तुमची तार त्या पट्ट्याच्या बाहेर पडते, तरी ते फार भरकटलेले नाही. कडांवरून वळून जाणारे क्षेत्र ही जुन्या, रुंद तारांच्या काळात किरकोळ दुरुस्ती होती. उंच आणि अरुंद तारांच्या जमान्यात जमिनीकडचा जवळपास सगळा हिशेब तोच आहे. सूत्रे बाजूला ठेवून क्षेत्र सोडवण्याची वेळ आपल्यावर त्यामुळेच येते.

आता तुमच्या प्रोग्रामकडे. फायनाइट डिफरन्समध्ये आपण तारांभोवतीची सगळी जागा ग्रिडने भरतो आणि प्रत्येक बिंदूवर लाप्लासचे समीकरण लिहितो. अडचण अशी की जागा अनंत आहे आणि ग्रिड कुठेतरी संपवावी लागते. तुम्ही ती २ मायक्रॉनवर संपवलीत आणि भिंतीवर शून्य व्होल्ट लिहिलेत. याचा परिणाम किती होतो हे एकट्या गोल तारेसाठी हाताने काढता येते. वरचे झाकण खूप दूर धरा आणि फक्त बाजूच्या भिंती विचारात घ्या. ग्राउंड केलेल्या भिंती २ मायक्रॉनवर असतील तर ७१ चे ८२ होतात. ५ मायक्रॉनवर ७३, १० मायक्रॉनवर ७२. त्याच भिंतींवर शून्य व्होल्टऐवजी "क्षेत्राचा लंब घटक शून्य" अशी अट लावली, म्हणजे भिंत आरशासारखी केली, तर चूक उलट्या दिशेला जाते: २ मायक्रॉनवर ५६, ५ वर ६८, १० वर साधारण ७०.

यातून एक फुकटची चाचणी मिळते, आणि ती मी नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच करायला लावतो. तोच प्रोग्राम दोनदा चालवा, एकदा ग्राउंड भिंतींसह, एकदा आरसा भिंतींसह. एकूण कपॅसिटन्सचे खरे उत्तर या दोन आकड्यांच्या मध्ये असते. दोन्हींत २६ चा फरक असेल तर ग्रिड बारीक करत बसण्यात अर्थ नाही; खोके (भिंतींनी वेढलेली जागा) मोठे करा. दूरच्या भागात ग्रिड विरळ ठेवली तर खोके पाचपट मोठे करूनही बिंदू फारसे वाढत नाहीत. हे सगळे मुख्यतः तारेच्या जमिनीकडच्या हिश्श्याला लागू आहे. ०.१४ मायक्रॉनवरच्या शेजाऱ्याशी असलेले कपलिंग (दोन तारांमधला आपसातला कपॅसिटन्स) २ मायक्रॉनवरच्या भिंतीला फारशी दाद देत नाही. म्हणून तुमच्या दोन आकड्यांतले कपलिंगचे भाग वेगळे काढून पाहा, ते १८ टक्क्यांपेक्षा बरेच जवळ सापडतील असा माझा अंदाज आहे.

खोके झाले, आता ग्रिड. तुमची ग्रिड सगळीकडे ०.०२ मायक्रॉनची आहे, म्हणजे तारेच्या रुंदीत सात चौकोन. तारेच्या काटकोनी कोपऱ्यावर क्षेत्र अनंताकडे जाते आणि प्रभाराची घनता कोपऱ्यापासूनच्या अंतराच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढत जाते. याची किंमत अशी मोजावी लागते: ग्रिड निम्मी केली की चूक चौपट कमी होईल अशी पाठ्यपुस्तकातली अपेक्षा इथे पुरी होत नाही. एकसारख्या ग्रिडवर ती दरवेळी साधारण अडीचपटच कमी होते. ०.०२, ०.०१ आणि ०.००५ अशा तीन ग्रिडवर उत्तरे काढा. पहिल्या-दुसऱ्यातला फरक दुसऱ्या-तिसऱ्यातल्या फरकाच्या सुमारे अडीचपट आला तर प्रोग्राम नीट वागतो आहे, आणि शेवटच्या फरकाच्या साधारण दोनतृतीयांश इतकी चूक अजून शिल्लक आहे असे धरून ती वजा करता येते. गुणोत्तर भलतेच आले, किंवा फरकाचे चिन्हच बदलले, तर ग्रिडपेक्षा मोठे काहीतरी बिघडले आहे. बहुधा सॉल्व्हर लवकर थांबवलेला असतो: गाउस-सायडेलमध्ये (फेरीफेरीने उत्तर सुधारत नेणाऱ्या रीतीत) दोन फेऱ्यांतला बदल लहान झाला म्हणजे उत्तर जवळ आले असे होत नाही.

प्रभार कसा मोजता तेही पाहा. तारेच्या पृष्ठभागावर व्होल्टेजचा उतार काढून बेरीज केली तर कोपऱ्यांवर हमखास फसगत होते. त्यापेक्षा तारेभोवती थोड्या अंतरावरून एक बंद चौकट घ्या आणि ग्रिडच्या प्रत्येक छेदलेल्या कडीतला क्षेत्राचा प्रवाह (फ्लक्स) बेरजेत घ्या. दोन वेगवेगळ्या चौकटींवर उत्तर दशांशाच्या बऱ्याच घरांपर्यंत सारखे आले पाहिजे, कारण गाउसचा नियम या ग्रिडवरही तंतोतंत पाळला जातो. नाही आले तर कोडमध्ये चूक आहे किंवा सॉल्व्हर अर्धवट आहे.

फास्टकॅपची रीत याच्या उलट. जागा भरायची नाही, फक्त वाहकांचे पृष्ठभाग छोट्या पॅनेलांत कापायचे, प्रत्येक पॅनेलवर एकसारखा प्रभार धरायचा, आणि सगळ्या पॅनेलांनी मिळून प्रत्येक पॅनेलच्या मध्यावर हवे ते व्होल्टेज निर्माण करावे अशी समीकरणे सोडवायची. कल्पना जुनी आहे. चौकोनी पत्र्याचा कपॅसिटन्स मॅक्सवेलने तो ३६ चौकोनांत कापून हातानेच काढला होता. १८७९ मध्ये छापून आलेले ते उत्तर आजच्या अचूक आकड्यापेक्षा दोन टक्क्यांहून कमी फरकाने खाली आहे. ३६ चौकोन आणि संगणक नाही, तरीही! या रीतीत अनंत जागा आपोआप हिशेबात येते, भिंतींचा प्रश्नच नाही. पण प्रत्येक पॅनेलचा प्रत्येक पॅनेलवर परिणाम होतो, त्यामुळे मॅट्रिक्समध्ये शून्य जवळपास नसतेच. १० हजार पॅनेल म्हणजे १० कोटी आकडे, ८०० मेगाबाइट. तेवढे आजचा लॅपटॉप पेलतो. १ लाख पॅनेलला मात्र ८० गिगाबाइट लागतील.

यावरचा तोडगा ग्रीनगार्ड आणि रोखलिन यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या मल्टिपोल पद्धतीचा. रात्री घाट उतरताना दूरचे गाव उजेडाचा एकच ठिपका दिसते आणि जवळ गेल्यावर घराघरातले दिवे वेगळे होतात. तसे दूरच्या शेकडो पॅनेलांचा परिणाम एकत्र मोजायचा, जवळच्यांचा एकेक करून. एमआयटीच्या नेबर्स आणि व्हाइट यांनी १९९१ मध्ये हेच कपॅसिटन्ससाठी वापरले, ते फास्टकॅप. मॅट्रिक्स पूर्ण मांडायचीच नाही, जीएमआरईएस नावाच्या पुनरावृत्तीला फक्त "या प्रभाराने व्होल्टेज किती" एवढे सांगत राहायचे.

तुमच्या फास्टकॅपच्या आकड्यात मला चार जागा संशयास्पद वाटतात. पहिली, पॅनेल. तारेच्या रुंदीत तुम्ही दोनच पॅनेल ठेवलेत. कडेकडे बारीक होत जाणारी किमान पाच-सहा ठेवा, कारण प्रभार कडेलाच गोळा होतो. दुसरी, तारेची टोके. १० मायक्रॉनच्या तारेच्या टोकांशी क्षेत्र पसरते, म्हणून एकूण भागिले १० हा आकडा दर मायक्रॉनचा कपॅसिटन्स नव्हे. १० आणि २० मायक्रॉनच्या दोन तारा सोडवा आणि फरकाला १० ने भागा, टोकांचा हिस्सा वजाबाकीत निघून जातो. तिसरी, खालचा पत्रा. तो तारेपेक्षा प्रत्येक बाजूला उंचीच्या कितीतरी पट पुढे गेला पाहिजे, नाहीतर क्षेत्राचा काही भाग पत्र्याऐवजी अनंताकडे जातो. चौथी, एकके. फास्टकॅप निर्देशांक मीटरमध्ये समजतो. मायक्रॉन तसेच दिले असतील तर उत्तर दहा लाखाने भागायचे. खात्रीसाठी १ मीटर बाजूचा घन सोडवून पाहा, निर्वातात ७३.५ पिकोफॅरड यायला हवेत.

तुमचा एक आकडा जास्त आणि दुसरा कमी का, हेही आता उलगडते. साध्या पाच-बिंदूंच्या ग्रिडवर काढलेली ऊर्जा खऱ्या ऊर्जेपेक्षा नेहमी जास्त असते, म्हणून एकूण कपॅसिटन्स वरून खाली उतरत खऱ्याकडे येतो. पॅनेलची गॅलर्किन प्रकारची मांडणी (व्होल्टेजची अट एका बिंदूऐवजी पूर्ण पॅनेलवर सरासरीने पाळणारी) असेल तर तो खालून वर चढतो. फास्टकॅप गॅलर्किन वापरत नाही, पॅनेलच्या मध्यबिंदूवर समीकरण लिहितो, त्यामुळे तशी हमी देता येत नाही. पण वापरात मला तो खालूनच येताना दिसतो. त्यात तुमच्या ग्राउंड भिंतींनी पहिला आकडा आणखी वर ढकलला. १८ टक्क्यांत मला काहीच गूढ दिसत नाही. मात्र "वरून" आणि "खालून" ही भाषा एकूण कपॅसिटन्सपुरतीच, कपलिंगला लावू नका.

मॅट्रिक्स वाचण्यातही नव्या माणसाची गल्लत होते. फास्टकॅप मॅक्सवेलची मॅट्रिक्स छापतो: कर्णावरचा आकडा म्हणजे बाकी सगळे ग्राउंड असताना त्या तारेचा एकूण कपॅसिटन्स, कर्णाबाहेरचे आकडे ऋण. स्पाइस या सर्किट-सिम्युलेटरच्या नेटलिस्टमध्ये (घटक आणि जोडण्यांच्या यादीत) घालायचे कपलिंग म्हणजे त्या ऋण आकड्याचे चिन्ह बदलून. खालचा पत्रा फास्टकॅपला वाहक म्हणून दिलेला असला की तोही मॅट्रिक्समधली एक ओळ असतो, आणि तारेचा जमिनीशी कपॅसिटन्स त्या ओळीतून उचलायचा. तारेच्या ओळीची सगळी बेरीज शून्य येत नसेल तर जे उरते ते अनंताशी जोडलेले आहे, आणि तेच तुमचा पत्रा किती अपुरा आहे ते सांगते. मॅजिकच्या फाइलमध्ये मात्र कपलिंग आणि ग्राउंड वेगवेगळे लिहिलेले असतात. मॅजिकचा ग्राउंडचा आकडा फास्टकॅपच्या कर्णाशी ताडला असेल तर ती तुलनाच निरर्थक आहे.

मॅजिकबद्दल थोडक्यात. क्षेत्रफळामागे एक गुणांक, परिमितीमागे एक, समोरासमोरच्या बाजूंसाठी एक, अशी ती बेरीज असते. संपूर्ण चिपवर लाखो तारा असतात, तिथे प्रत्येकीचे क्षेत्र सोडवत बसणे परवडत नाही. व्यावसायिक साधनेही हाच मार्ग धरतात, फक्त त्यांचे तक्ते खूप दाट असतात: रुंदी, अंतर, वरखालचे थर यांचे असंख्य नमुने आधीच फील्ड सॉल्व्हरवर सोडवून ठेवायचे आणि चिपवर तसा नमुना दिसला की आकडा उचलायचा. नेहमीच्या डिजिटल तारांना हे पुरते. तुमचा कपॅसिटर मात्र नेहमीचा नमुना नाही, म्हणून तिथे तक्त्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. आणि नेटलिस्ट काढताना सीथ्रेश (याहून लहान कपॅसिटन्स वगळण्याची मर्यादा) शून्य केल्याशिवाय मॅजिक हे कपॅसिटन्स लिहीतच नाही, तेही तपासून घ्या. रिकामी नेटलिस्ट सिम्युलेशनमध्ये फार सुंदर चालते.

तुम्ही विचारलेली नसलेली, पण आज उद्योगात संदर्भ म्हणून जिचा फार वापर होतो ती चौथी पद्धत म्हणजे फ्लोटिंग रँडम वॉक. ल कॉझ आणि आयव्हर्सन यांची, १९९२ ची. तारेभोवती बंद आवरण घ्या, त्यावरचा एक बिंदू यदृच्छ निवडा, त्याच्याभोवती कुठल्याही तारेला न भेदणारा सर्वांत मोठा घन काढा, त्या घनाच्या पृष्ठभागावर ठरावीक संभाव्यतेने उडी मारा, आणि कुठल्यातरी तारेवर पोचेपर्यंत हेच करत राहा. कुठल्या तारेवर किती फेऱ्या संपल्या यावरून, प्रत्येक फेरीला तिचे वजन देऊन, कपॅसिटन्सची एक संपूर्ण ओळ मिळते. ग्रिड नाही, मॅट्रिक्स नाही, मेमरी नगण्य, शंभर कोअर असतील तर शंभरही कामाला लागतात. चूक फेऱ्यांच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते: १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर यायला शंभरपट फेऱ्या. एकूण कपॅसिटन्ससाठी ही पद्धत झकास. लहान कपलिंगसाठी महागडी: पाचशे फेऱ्यांतली एकच त्या दूरच्या तारेवर संपत असेल तर पाच लाख फेऱ्यांनंतरही हाती हजारच नोंदी, म्हणजे त्या आकड्यात ढोबळमानाने ३ टक्के गोंगाट.

इथून तुमच्या एडीसीकडे वळू, कारण कुठली पद्धत हे तिथेच ठरते. अशा कन्व्हर्टरमध्ये १ फेम्टोफॅरडचा युनिट (एकेक मूळ कपॅसिटर) ०.९५ निघाला आणि सगळेच युनिट ०.९५ निघाले, तर काही बिघडत नाही. सगळ्या युनिटांच्या सामाईक टोकाचा जमिनीशी असलेला कपॅसिटन्स वाढला तर सिग्नल थोडा दबतो, फार तर गेन बदलतो, रेषीयता राहते. घात होतो तो सामाईक टोक आणि एखाद्या बिटाच्या खालच्या टोकाकडे जाणारी तार यांच्यातल्या चुकार कपलिंगने, कारण ते थेट त्या बिटाच्या वजनात मिळते. १० बिटांत सर्वांत मोठा बिट ५१२ युनिटांचा, म्हणजे ५१२ फेम्टोफॅरड. अर्धा एलएसबी (सर्वांत लहान बिटाचा निम्मा हिस्सा) म्हणजे अर्धा फेम्टोफॅरड, त्याचा हजारावा हिस्सा. एकूण आकडा ५ टक्क्यांनी चुकला तरी चालेल, पण युनिटांमधले गुणोत्तर ०.१ टक्क्याच्या आत हवे, अशी ही विचित्र गरज आहे.

या गरजेला पॅनेलची पद्धत बरी, आणि कारण सरळ आहे. सारख्या युनिटांना सारखीच पॅनेल दिली तर पॅनेल जाड असल्याची चूक सगळ्यांत सारखीच पडते आणि गुणोत्तरात बरीचशी निघून जाते. रँडम वॉकमध्ये प्रत्येक युनिटचा गोंगाट स्वतंत्र, तो गुणोत्तरात जात नाही. उलट दोन्हींचा मिळून येतो. तेव्हा एक युनिट, त्याच्या चारी बाजूंचे शेजारी आणि वरून जाणाऱ्या बिटांच्या तारा एवढाच तुकडा घ्या, फास्टकॅप किंवा त्याचा नवा भाऊबंद फास्टरकॅप यात सोडवा, आणि कडेचा युनिट व मधला युनिट यांतला फरक पाहा. त्या फरकावर काम करा. तुमचे काम मिक्सरचे (वारंवारता बदलणाऱ्या सर्किटचे) किंवा लांब बसच्या (समांतर तारांच्या जुडग्याच्या) विलंबाचे असते तर मी वेगळे सांगितले असते: तिथे एकूण कपॅसिटन्स आणि शेजाऱ्याशी कपलिंग पाच टक्क्यांत पुरते, एक्स्ट्रॅक्शनचा तक्ता वापरा आणि पुढे चला. आणि स्वतःचा फायनाइट डिफरन्सचा प्रोग्राम टाकून देऊ नका. द्विमितीय छेदात थरांचे डायइलेक्ट्रिक (तारांमधला विद्युतरोधक पदार्थ) बदलून काय होते हे पाहायला त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही.

डायइलेक्ट्रिकचा विषय निघालाच आहे तर: सगळीकडे ३.९ नसते. ऑक्साइडच्या थरांत थोडाफार फरक असतो, नायट्राइड ७ च्या वर असते आणि ते तारेच्या जवळ असेल तर जाणवते. पॅनेल पद्धतीत प्रत्येक थराच्या सीमेवरही पॅनेल घालावी लागतात, थर फार पातळ असतील तर हे डोकेदुखीचे होते. ग्रिडच्या पद्धतीत तो फक्त प्रत्येक चौकोनाचा एक गुणांक असतो.

यापुढची अचूकता कारखाना ठरवतो. दोन तारांमधला पिच (एका तारेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे अंतर) पक्का असतो, पण तारेची रुंदी कोरताना हलते. रुंदी १४ नॅनोमीटरने वाढली की अंतर नेमके तेवढेच घटते, आणि आपले ८९ ॲटोफॅरड ९९ होतात. जाडीही पॉलिशिंगनंतर जागोजाग थोडी वेगळी असते. अशा परिस्थितीत फील्ड सॉल्व्हरमधून निरपेक्ष आकड्याचा चौथा अंक काढण्यात मला काही हशील दिसत नाही. गुणोत्तराचा चौथा अंक मात्र जरूर काढावा, कारण शेजारी शेजारी बसलेले युनिट एकत्रच हलतात.

टेपआउटमध्ये (कारखान्याला पाठवायच्या अंतिम आराखड्यात) जागा असेल तर एक मोजणीची रचनाही टाका. बर्कलीमध्ये १९९६ मध्ये मांडलेली प्रभारावर आधारित मोजणी यासाठी सोपी आहे: दोन अगदी सारख्या ट्रान्झिस्टर जोड्या, एकीला तुमचा कपॅसिटर जोडलेला, दुसरीला फक्त तिथवर जाणारी तार. दोन्हींच्या सरासरी प्रवाहांतला फरक म्हणजे कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेज गुणिले वारंवारता. १ फेम्टोफॅरड, १.८ व्होल्ट आणि १ मेगाहर्ट्झला १.८ नॅनोअँपिअर येतात, ते साध्या प्रयोगशाळेत मोजता येतात. १० ॲटोफॅरडचा फरक १८ पिकोअँपिअरचा होईल. त्यासाठी एकच युनिट न मोजता शंभर युनिट समांतर जोडून मोजा.

शेवटची गोष्ट फिलची, ती प्रश्नात नाही पण तुम्हाला भोवेल. टेपआउटच्या आधी रिकाम्या जागांत धातूचे सुटे चौकोन आपोआप भरले जातात. ते कुठेच जोडलेले नसतात, पण तुमच्या तारांचे क्षेत्र त्यांच्यातून उडी मारत जाते. सिम्युलेट करताना त्यांना ग्राउंड समजू नका, तसे केले की कपलिंग कमी दिसते आणि जमिनीकडचा आकडा फुगतो. सुट्या चौकोनाची खरी अट अशी की त्याचा एकूण प्रभार शून्य, व्होल्टेज जे निघेल ते. फास्टकॅपमधून मॅट्रिक्स आली की प्रत्येक सुट्या वाहकाच्या ओळीला प्रभार शून्य घालून ती ओळ आणि तो स्तंभ काढून टाकता येतो, पायथनमध्ये चार ओळींचे काम. आणि फिल तुमच्या युनिटांवर सारखे बसेल याची कुणी हमी देत नाही, म्हणून कपॅसिटरच्या संपूर्ण ॲरेवर, भोवती काही मायक्रॉन जास्त घेऊन, फिल-ब्लॉकचा थर आत्ताच काढून ठेवा. त्यामुळे धातूच्या घनतेचा नियम मोडत असेल तर स्वतःच्या हाताने, प्रत्येक युनिटभोवती सारखेच, डमी चौकोन घाला आणि तेही फास्टकॅपच्या तुकड्यात धरा.